माणसाची अश्वशक्ती



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने सायकलच्या शर्यतींवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण थोडा विचार केला तर तसे वाटण्याचे कारण उरणार नाही. माणसाच्या अंगात बळ किती, ते किती वेळ टिकते, ते कशाने वाढते आणि कशाने मोडते, हा माझ्या सगळ्या आयुष्याचा विषय आहे. कारखान्याच्या फाटकावर ज्या प्रश्नाचे उत्तर भांडून मिळवावे लागते, त्या प्रश्नाचे उत्तर सायकलस्वाराच्या पायडलजवळ अलीकडे मोजून मिळू लागले आहे. मी पदार्थविज्ञान शाळेत शिकलो नाही. वाचनालयातून पुस्तके आणली आणि यंत्राशेजारी उभे राहून ती पडताळून पाहिली. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते सोप्या हिशेबाचे आहे, आणि तो हिशेब तुम्हीही घरी करून पाहावा अशी विनंती आहे.

आधी वॅट म्हणजे काय ते पाहू. विजेच्या दिव्यावर आपण हा शब्द वाचतो. तो ज्याच्या नावावरून आला, त्या जेम्स वॅटने अठराव्या शतकात वाफेचे इंजिन सुधारले. इंजिन विकायचे तर गिरणीवाल्याला समजेल अशा भाषेत त्याचे बळ सांगायला हवे. गिरणीवाल्याकडे होते घोडे. तेव्हा वॅटने एक घोडा मिनिटाला किती काम करतो याचे माप ठरवले, आणि माझे इंजिन इतक्या घोड्यांचे, असे तो सांगू लागला. हीच अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने ती ७४६ वॅट भरते. गंमत अशी, की साधारण घोड्याला दिवसभर इतके काम झेपत नाही, असे पुढे पुष्कळांनी म्हटले आहे. म्हणजे मापच मुळी दांडग्या घोड्याचे घेतले गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

आता माणसाकडे येऊ. आपल्याला परिचित असलेला कसारा घाट घ्या. कसाऱ्याहून इगतपुरीला यायचे तर साधारण तीनशे मीटर वर चढावे लागते. समजा, स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो आहे. तेवढे वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल इतके काम लागते. हे काम ४० मिनिटांत केले तर दर सेकंदाला ९८ ज्यूल, म्हणजे ९८ वॅट. तेच २० मिनिटांत केले तर १९६ वॅट. काम तेच, उंची तीच, वजन तेच. वेळ निम्मा झाला की शक्ती दुप्पट लागते. वाऱ्याचा आणि रस्त्याच्या घर्षणाचा हिशेब यात धरलेला नाही, आणि वारा तर फार कठोर सावकार आहे. सपाटीवर वेग दुप्पट करायचा म्हटले, तर नुसता वारा कापण्यासाठी आठपट शक्ती द्यावी लागते. म्हणून साध्या सायकलीवर ताशी २५ किलोमीटरला धडधाकट माणूस गप्पा मारत जाईल. पन्नासला त्याचा श्वास फुटेल.

पूर्वी हे सगळे अंदाजाने चालत असे. स्वार वेगाने गेला तर तो त्याच्या पायांमुळे गेला की मागून आलेल्या वाऱ्यामुळे, हे सांगता येत नसे. १९८६ साली उलरिश शोबेरर नावाच्या जर्मन अभियंत्याने सायकलीच्या पायडलदांडीच्या चक्रात ताण मोजणारी सूक्ष्म पट्टी बसवली. धातू किती वाकतो यावरून जोर कळतो, चक्र किती वेगाने फिरते ते कळते, आणि दोहोंचा गुणाकार केला की वॅट मिळतात. तेव्हापासून सायकलस्वार हा जगातला बहुधा सर्वांत काटेकोर मोजला गेलेला श्रमिक झाला आहे.

या मोजमापातून काय दिसले? थोर स्वारांचे आकडे ऐकून छाती दडपते. लाकडी धावपट्टीवर आखूड अंतराच्या शर्यती मारणारे जे दांडगे गडी असतात, ते काही सेकंदांसाठी २००० वॅटच्याही वर जातात. म्हणजे अडीच अश्वशक्तीपेक्षा अधिक! रॉबर्ट फोर्स्टेमान नावाचा जर्मन ऑलिंपिकपटू आहे; त्याच्या मांड्या पाहिल्या तर आपल्या तालमीतले वस्तादसुद्धा मान डोलावतील. २०१५ साली त्याने ७०० वॅटच्या टोस्टरला स्वतःच्या पायांनी वीज पुरवून पावाचा एक तुकडा भाजून दाखवला. जेमतेम मिनिटभराचे काम. पण ते संपल्यावर तो पहिलवान जमिनीवर आडवा झाला. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर चटणी वाटायला जवळजवळ तेवढीच वीज खातो, आणि आपण बटण दाबून बोलत उभे असतो.

लांब पल्ल्याच्या स्वारांची गोष्ट निराळी. त्यांचा आकडा लहान, पण तो टिकतो. तेथे नुसते वॅट पाहत नाहीत, शरीराच्या दर किलोला किती वॅट ते पाहतात, कारण घाटात स्वतःचे वजन स्वतःलाच उचलायचे असते. जो तरुण निरोगी आहे पण सराव केलेला नाही, तो वीस मिनिटे दर किलोला दोन-तीन वॅट देईल. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या रांगेत राहायचे, तर अर्धा तास दर किलोला सहा वॅटच्या आसपास द्यावे लागतात. ६५ किलोच्या माणसाला ३९० वॅट. २०२४ च्या जुलैत तादेय पोगाचार हा स्लोव्हेनियाचा तरुण पिरेनीज पर्वतातला प्लातो द बेयचा घाट सुमारे ४० मिनिटांत चढला. चढण्याच्या वेगावरून जाणकारांनी जे अंदाज बांधले, ते दर किलोला सात वॅटच्या जवळ जातात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा तर घाटांचा सम्राटच म्हणायचा.

आता या आकड्यांतला मुख्य धडा. सेकंदांच्या हिशेबात दोन हजार वॅट, मिनिटाच्या हिशेबात सातशे, पाऊण तासाच्या हिशेबात चारशेच्या पुढे-मागे. आणि दिवसभराच्या हिशेबात? अंगमेहनत करणाऱ्या धडधाकट माणसाकडून आठ तासांच्या पाळीत सरासरी ७५ वॅटच्या आसपास काम निघते, असा ग्रंथांतला सर्वमान्य हिशेब आहे. आठ तासांचे झाले ६०० वॅट-तास, म्हणजे विजेचे एक युनिटसुद्धा नाही. पाऊण युनिटही नाही. वेळ वाढत जाईल तशी माणसाची शक्ती उतरत जाते. ही उतरंड जगातल्या प्रत्येक माणसाला आहे. थोर स्वाराची उतरंड आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरून सुरू होते इतकेच. उतरंड चुकलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

ती का आहे, हेही समजून घेतले पाहिजे. स्नायू हे इंजिन आहे आणि ते अन्न जाळते. जाळायला प्राणवायू लागतो. पहिल्या काही सेकंदांचे काम स्नायूंत साठवलेल्या शिलकीवर चालते. पुढे मात्र छातीचा भाता, हृदयाचा पंप आणि रक्तातला तांबडा रंग यांच्यावर भिस्त असते. थोर स्वाराचे शरीर मिनिटाला पाच-सहा लिटर प्राणवायू वापरू शकते. सामान्य तरुणाचे त्याच्या निम्मे. शिवाय जे अन्न जळते त्याचे चौथा-पाचवा हिस्साच काम होते, बाकीची उष्णता. म्हणजे पायडलवर ४०० वॅट उतरवणारा माणूस आतल्या आत दीड हजार वॅटच्या आसपास शेगडी पेटवून बसलेला असतो. ती उष्णता घामावाटे बाहेर पडली नाही, तर आधी बळ जाते आणि मग भान. स्वाराला उताराचा वारा मिळतो, बर्फाचे पाणी मिळते. ओतशाळेतल्या किंवा भट्टीपुढच्या आपल्या माणसाला बाहेरून भट्टी आणि आतून शेगडी अशी दोन्हीकडून आच असते. तेथे पंखा आणि पिण्याचे थंड पाणी मागणाऱ्याला कोणी चैनखोर म्हणू लागला, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

रक्ताची गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्राणवायू वाहून नेतो तो रक्तातला हिमोग्लोबिन. तो वाढावा म्हणून स्वार महिनोन्‌महिने उंच डोंगरांवर जाऊन राहतात. काहींना तेवढ्याने भागले नाही. त्यांनी चोरून औषधे टोचून घेतली, स्वतःचे रक्त काढून पुन्हा चढवले. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन स्वाराची सात वर्षांची सात विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली, ती याच पापापायी. ज्या ठिकाणी आकडा हाच देव होतो, तेथे देवाला नैवेद्य म्हणून शरीर चढवले जाते. पण मंडळी, याची दुसरी बाजू आपल्या अंगणात आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर करून घड विरळणारी बाई, सिन्नरची विडी वळणारी बाई, या त्यांतल्याच. तिकडे रक्त दाट करण्यासाठी खजिने रिते होतात. इकडे पातळ रक्तावर पाळी काढली जाते, आणि बाई मंद काम करते असा शेरा मिळतो.

आता नाशिककडे येतो, कारण या विषयात आपल्या गावाने भारताला मान मिळवून दिला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाणारी एक अघोरी शर्यत आहे. ज्या वर्षांची गोष्ट मी सांगणार आहे, त्या वर्षांत कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघायचे आणि मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला पोहोचायचे असे. सुमारे ४८०० किलोमीटर अंतर. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत, मग अंत न लागणारी मैदाने. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. तुम्ही झोपलात तर तेही तुमच्याच वेळात धरले जाते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. ही शर्यत पार करणारा तो पहिला भारतीय गट. दोन वर्षांनी, २०१७ साली, नाशिकला लष्करी सेवेत असलेले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली, ११ दिवस आणि १८ तासांच्या थोड्या वर. एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग काही तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. आणि २०२० च्या नोव्हेंबरात हितेंद्ररावांचा मुलगा ओम, वय अवघे सतरा, श्रीनगरहून कन्याकुमारीला सव्वाआठ दिवसांच्या आसपास पोहोचला.

या माणसांबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे. पण आदर करायचा तर डोळे उघडे ठेवून करावा, म्हणजे त्यातून काही शिकता येते. महाजनबंधूंचा वेळ भागून पाहा: ताशी सरासरी २३ किलोमीटर. गोकुळनाथांचा भागून पाहा: ताशी सुमारे १७. थांबे, झोप, जेवण सगळे धरून. आकडे किती साधे दिसतात! तेथे कोठे दोन हजार वॅट नाहीत, कोठे चारशे नाहीत. सपाट रस्त्यावर त्या वेगाला शंभर-सव्वाशे वॅट पुरतात. तरीही ही जगातल्या कठीण शर्यतींपैकी एक आहे, कारण तेथे मोठ्या आकड्याने काही होत नाही. लहान आकडा दिवसामागून दिवस, रात्रीमागून रात्र मोडू न देणे, हे तेथले शौर्य. जो पहिल्या दिवशी छाती फुगवून चारशे वॅट काढील, तो तिसऱ्या दिवशी गाडीत निजून परत येईल.

दुसरे पाहा. दोघे भाऊ तेवीसने गेले आणि एकटा सतराने. माणसे वेगळी, वर्षे वेगळी, हे मान्य. दोघांपैकी कोण वरचढ असा प्रश्नच नाही. पण शर्यतीच्या चालकांनीच गटाला ९ दिवसांची आणि एकट्याने धावणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला १२ दिवसांची मुदत ठेवली आहे. का? कारण एक दमला की दुसरा सायकलीवर बसतो. याला आपल्या भाषेत पाळी म्हणतात. ज्याला विसावा मिळतो तो अधिक काम करतो, हे तेथे कोणाला भांडून सांगावे लागत नाही. नियमातच लिहून ठेवले आहे.

तिसरे असे, की स्वाराच्या मागे माणसे असतात. रात्री गाडी मागून चालते, तिच्या दिव्यांच्या उजेडात तो जातो. कोणी जेवण देतो, कोणी सायकल नीट करतो, कोणी पाय चेपतो, कोणी घड्याळाकडे पाहून म्हणतो, आता तासभर नीज. एकट्याची शर्यत म्हटली, तरी ती एकट्याची नसते. सत्कार एका गळ्यात पडतो. हार मात्र पुष्कळ हातांनी गुंफलेला असतो.

आता कारखान्यात चला. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा अभियंता होऊन गेला. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहण्याची विद्या त्याने जगाला दिली. १८९९ साली बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या गाडीत चढवण्याचे काम चाले. एकेक लादी ९२ पौंडांची. माणसी दिवसाला साडेबारा टन काम होई. टेलरने एक काटक माणूस निवडला, त्याला सांगू तेव्हा उचल आणि सांगू तेव्हा बस असे बजावले, आणि त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन काम काढले. काम जवळजवळ चौपट. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट, म्हणजे दीडपटीच्या थोडी वर. पुढच्या अभ्यासकांनी या कहाणीतल्या पुष्कळ गोष्टींवर शंका घेतली आहे. पण टेलरचे म्हणणे जसेच्या तसे खरे धरले, तरी १९११ च्या त्याच्या ग्रंथात दोन गोष्टी आहेत, ज्या त्याचे नाव घेणारे सहसा सांगत नाहीत. पहिली, की हे काम झेपणारा माणूस आठांत एक. दुसरी, की त्या माणसाच्या अंगावर ओझे असावे दिवसाच्या शंभर भागांपैकी फक्त ४३ भाग. उरलेले ५७ भाग त्याला मोकळे हवेत. म्हणजे ज्याला आपण घड्याळवाल्यांचा गुरू म्हणतो, त्यानेच निम्म्याहून अधिक दिवस विसाव्यासाठी राखला! शिष्यांनी घड्याळ घेतले आणि विसावा टाकला.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रेसवर तासाला किती नग निघावेत याचा वाद होता. व्यवस्थापनाने टाइम स्टडी करून आकडा आणला होता. आम्ही विचारले, मोजणी कोणाची केली? बावीस वर्षांच्या एका तरण्याबांड पोराची. कधी केली? पहिल्या पाळीच्या पहिल्या तासात. माल कोठे होता? हाताशी, नीट रचलेला. आम्ही म्हटले, ठीक. आता तीच मोजणी पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची करा, जेवणानंतरच्या तिसऱ्या तासाला करा, आणि माल रोज जेथे पडलेला असतो तेथेच राहू द्या. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिले गेले, आणि मग घोषणा देण्याची वेळच आली नाही. कागदच बोलला. समोरचे अधिकारीही समंजस होते. दोहोंच्या मधला आकडा ठरला आणि तासागणिक पाच मिनिटांची सुटी ठरली. पुढच्या महिन्यांत नग कमी झाले नाहीत. खराब निघणारे नग मात्र कमी झाले.

म्हणजे तक्रार मोजण्याविरुद्ध नाही. मोजावेच. जो मोजत नाही त्याला कोणीही फसवतो. तक्रार आहे ती दांडग्या घोड्याचे माप सगळ्या तबेल्याला लावण्याविरुद्ध. स्वाराचा विक्रम हा त्याचा अलंकार आहे. तो त्याने स्वेच्छेने, पोटभर खाऊन, वर्षानुवर्षे तयारी करून, नंतर आठवडे विश्रांती घेणार हे ठरवून केलेला असतो. तोच विक्रम दुसऱ्याच्या पगारपत्रकावर नॉर्म म्हणून छापला, की तो बेडी होतो. आज शहरात पाठीवर खोकी बांधून घरोघर जेवण पोहोचवणारी पोरे पाहतो. सर्वांत चपळ पोराने गाठलेली वेळ मोबाइलच्या पडद्यावर सर्वांची वेळ होऊन बसते, आणि सिग्नल तोडण्याचा दोष मात्र एकेकट्या पोराच्या माथी येतो.

मोजण्याविषयी आणखी एक सावधगिरी. पदार्थविज्ञान सांगते, ओझे वर उचलले तरच काम झाले. तेच ओझे सपाट जमिनीवर वाहून नेले, तर गुरुत्वाविरुद्ध काम शून्य. बाजार समितीतला हमाल पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन शंभर पावले चालला, आणि गाडीची वाट पाहत पाच मिनिटे तसाच उभा राहिला, तर पुस्तकाच्या हिशेबाने त्या उभे राहण्यात त्याने काहीच केले नाही. पण त्याच्या मणक्याला विचारा! स्नायू ताणून धरायलाही अन्न जळते, रक्त लागते. शास्त्र चुकत नाही. शास्त्राने काम या शब्दाला दिलेला अर्थ आणि जगण्यातला अर्थ यांत अंतर आहे. बाबा आढावांनी पुण्याच्या हमालांना एकत्र करून गोणीचे वजन पन्नास किलोवर आणण्यासाठी जे झगडे केले, ते याच अंतरासाठी होते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तोही हे अंतर ओळखूनच. वॅटच्या मापात जे बसत नाही, ते श्रम नव्हेत असे म्हणू नये. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली आईही त्या मापात शून्यच भरेल.

आता शेवटच्या आणि आजच्या मुद्द्यावर येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असेही त्यात सांगितले आहे. या बदलाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, चार दिवस बारा तास काम करा आणि तीन दिवस मोकळे राहा, बेरीज तीच. कागदावर बेरीज तीच आहे, यात शंका नाही. पण आपण आताच पाहिले, की शरीर बेरीज करत नाही. शरीर उतरंड उतरते. बाराव्या तासाचे मनगट पहिल्या तासाचे नसते. प्रेसच्या जबड्यात हात घालताना लागणारे ते अर्ध्या पळाचे भान बाराव्या तासाला कोठून आणायचे? अमेरिकेच्या त्या शर्यतीत झोपेविना धावणाऱ्या स्वारांना रस्त्यात नसलेली माणसे आणि जनावरे दिसू लागतात. त्यांच्या मागे गाडी असते, सांभाळणारे असतात. बारा तासांच्या पाळीनंतर अंबडहून दुचाकीवर घरी निघालेल्या माणसाच्या मागे कोण असते? आणि संमतीचे म्हणाल, तर ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या एका फोनवर अवलंबून आहे, त्याची संमती आणि हौसेने शर्यतीत नाव घालणाऱ्याची संमती या दोन गोष्टींना एकच शब्द वापरावा लागतो, ही भाषेची गरिबी आहे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तेव्हा शोबेररचे यंत्र नव्हते, प्राणवायू मोजण्याची सोय नव्हती. सहा दिवस राबलेल्या शरीराला सातवा दिवस आपला हवा, हे लोखंड्यांनी गिरणीत प्रत्यक्ष काम करून ओळखले होते. आज शंभराहून अधिक वर्षांनी जगातल्या सर्वांत महागड्या सायकली आणि सर्वांत नाजूक यंत्रे हेच सांगत आहेत. आता प्रत्येक मोठ्या गटाच्या शिक्षकाच्या वहीत सरावाच्या दिवसांइतकाच विश्रांतीचा दिवस ठळक लिहिलेला असतो. बळ वाढते ते विसाव्यात, हे त्यांच्या शास्त्राचे पहिले पान आहे.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. नाशिकच्या मुलांनी सायकल चालवावी, घाट चढावेत, महाजनबंधूंच्या आणि गोकुळनाथांच्या पुढे जावे. त्यांच्या स्वागताला आम्ही कामगार मंडळी ढोल घेऊन येऊ. विक्रमाने माणसाची शीव किती दूर आहे ते कळते, आणि ते कळणे चांगलेच. पण विक्रम शिवेवरच्या दगडासारखा आहे. त्याच्यावर रोजचे घर बांधता येत नाही. रोजचे घर बांधायचे ते साध्या माणसाच्या ७५ वॅटवर, त्याच्या जेवणाच्या सुटीवर आणि त्याच्या झोपेवर. हे शहर, ही धरणे, हे रस्ते, सातपूर-अंबडचे कारखाने आणि गावोगावच्या बागा त्याच ७५ वॅटवर उभ्या आहेत. ते वॅट जपून वापरा, त्यांचे मोल चोख द्या, आणि ते देणाऱ्याला वेळेवर घरी जाऊ द्या.